दाव्याशेजारची किल्ली

पोस्टमनदादांनी कागद पुढे केला आणि मी तो मागे ढकलला. या सगळ्या प्रकरणात माझा हात लागला तो एवढाच. पण तेवढा पुरला.

सकाळची वेळ होती. शेजारच्या काकांकडे दूध काढून झालं होतं, शेणाच्या पाट्या उकिरड्यावर गेल्या होत्या आणि अंगणात त्यांची जीप धुऊनपुसून उभी होती. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. माझं शिवणयंत्र ओट्यावर असतं, त्यामुळे त्या अंगणात काय चाललंय ते मला मान वर न करताही कळतं. काकांच्या सहा गाई. दहा वर्षं त्या जीपनं त्यांच्या दुधाच्या किटल्या संघावर पोचवल्या, आजारी वासरं डॉक्टरकडे नेली, आणि गावातल्या किती बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात पोचवल्या त्याची गणती नाही. पण काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एकाचं ऑपरेशन झालं, तरी डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मग जीप विकायची ठरली.

घेणारा आमचा धाकटा. माझा सख्खा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी चौदाची. त्याचे पहिले सगळे सदरे मी उरलेल्या कापडाचे शिवलेत, म्हणून कुठल्याच सदऱ्याच्या दोन बाह्या एका रंगाच्या नव्हत्या. पुढे मी लग्न होऊन या गावात आले, लवकरच कुंकू पुसलं गेलं, आणि तो पलीकडच्या गावात बायकोपोरं घेऊन राहिला. तोंडात साखर घेऊनच जन्मलेला माणूस. भाजी बाजारात न्यायची आणि येताना चार माणसं बसवून आणायची, यासाठी त्याला गाडी हवी होती. काकांना भला माणूस हवा होता. दोघांची गाठ मी घालून दिली, आणि त्याचा मला भारी अभिमान वाटत होता.

पोस्टमनदादा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी शर्टाच्या खिशाला पेन असायचंच. चौतीस वर्षं त्यांनी सही घेतल्याशिवाय कुणाच्या हाती पाकीट दिलं नव्हतं. काकांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. पैसे मोजून झाले होते, राहिला होता तो फक्त कागद.

"हे बघा," ते म्हणाले, "गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, मीटरवरचा आकडा, तारीख आणि वेळ. नऊ वाजून चाळीस मिनिटं. या मिनिटापासून पुढं गाडीचं जे काय होईल ते घेणाऱ्याच्या माथी. देणाऱ्याची सही झाली, साक्षीदार म्हणून माझी झाली. आता घेणाऱ्यानं इथं करायची. आणि उद्या दोघांनी मिळून नोंदणी कार्यालयात जायचं. नोंदणीच्या पुस्तकावरचं नाव बदलेपर्यंत गाडी या अंगणातून हलणार नाही."

"म्हणजे मी आज मोकळ्या हातानं जाऊ?" धाकट्यानं विचारलं.

"एक दिवसानं काय होतंय?"

"उद्या बाजार आहे दादा."

"मग परवा. विम्याचंही बघावं लागेल. विमा काकांच्या नावावर आहे, त्यांना कळवायला हवं. तुझ्या ओळखपत्राची एक प्रत आण."

धाकट्याचा चेहरा उतरला. तो असा उतरला की लहानपणी ताटातला घास कुणी काढून घेतला तर उतरायचा अगदी तसा, आणि तो चेहरा बघून मला आजवर कधी राहवलेलं नाही.

"काका, भरवसा नसेल तर राहू द्या," तो म्हणाला. "पैसे परत करा, मी आलो तसा पायी जातो. पण ताईच्या दारात चोरासारखी ओळखपत्रं दाखवत बसायची वेळ येईल असं नव्हतं वाटलं."

काका गडबडले. "अरे, तसं नाही रे बाळा. दादांनी एवढं लिहिलंय तर कर की सही. बिघडतंय कुठं?"

पण मला झोंबलं होतं. मी भिंतीला वळसा घालून आले होते, बोटात अंगुस्तान तसंच होतं. "पोस्टमनदादा," मी म्हटलं, "तुमच्या टपालातली सवय टपालात ठेवा. हा माझ्या हातचा वाढलेला आहे. तो काय गाडी घेऊन परदेशी पळणार आहे? घरातल्या माणसाकडून कसल्या सह्या घेता?" आणि तो कागद मी त्यांच्याकडे परत ढकलला.

पोस्टमनदादांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घातला नाही. कागदाची चौघडी केली आणि खिशात ठेवली. "ठीक आहे ताई. तुमचा शब्द." लिहिलेला कागद फेकून देणं हे त्यांच्या रक्तातच नाही.

काकांनी नाव बदलायच्या फॉर्मवर आपल्या सह्या केल्या, आणि फॉर्म आणि गाडीचं पुस्तक दोन्ही धाकट्याच्या हातात ठेवलं. "आठवड्याभरात नावावर करून घे हं."

"आठवडा कशाला काका? बाजार झाला की परवाच जातो."

मग किल्ल्यांची वेळ आली. कडीत दोन किल्ल्या होत्या. काकांनी चाचपत एक काढून घेतली आणि गोठ्याकडे गेले. तिथली भिंत तुम्ही बघायला हवी. ओळीनं खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेक दावं. सुंभाची, अंबाडीची, नंतरची नायलॉनची. काकांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत होती ती, दुसऱ्या कुणाच्या घरात नव्हती. जनावर विकलं तरी त्याचं दावं विकायचं नाही. घेणाऱ्यानं आपली दोरी घेऊन यायचं. आठ वर्षं ज्याला दोन वेळा चारा घातला त्याचं काहीतरी घरात राहावं, एवढाच त्यामागचा विचार. काकांना प्रत्येक दाव्याची मालकीण पाठ होती. ही मारकी, ही दोनदा जुळी व्यालेली, ही पुराच्या पाण्यातून एकटी परत आलेली. त्याच ओळीत शेवटच्या रिकाम्या खुंटीला त्यांनी जीपची किल्ली अडकवली.

"तिनं पण दहा वर्षं राबून दिलंय," ते म्हणाले.

काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पोस्टमनदादा रागात होते तरी हसले. मी तर हसून हसून भिंतीला टेकले. सगळ्यांत जास्त हसला तो आमचा धाकटा. "ठेवा काका, ठेवा. मला एक किल्ली पुष्कळ झाली." आणि वाकून त्यानं काकांच्या पायांना हात लावला.

त्यानंतर सात महिने गेले. तो परवा कधी उजाडलाच नाही. आधी कार्यालयात गर्दी होती, मग साहेब रजेवर होते, मग धाकट्याच्या पोरीला ताप होता. मी दर खेपेला विचारायची आणि तो दर खेपेला, "होईल ग ताई, तू किती जीव खातेस," म्हणून माझ्या हातात भाजीची जुडी द्यायचा. पोस्टमनदादा रस्त्यात भेटले की पहिला प्रश्न तोच. शेवटी शेवटी मी त्यांना दुरून बघितलं की वाट बदलायला लागले. विमा संपत आल्याचं पत्र काकांच्या पत्त्यावर आलं. काकांनी ते माझ्याजवळ दिलं, मी ते धाकट्याकडे दिलं, त्यानं घडी घालून गाडीच्या कप्प्यात टाकलं.

काकांना मात्र कशाचं काही नव्हतं. संध्याकाळी धाकटा बाजारातून परतताना आमच्या गल्लीवरून हॉर्न वाजवत जायचा. गोठ्यातली तांबडी तो हॉर्न ऐकून उठून उभी राहायची. लहानपणी पोट फुगून मरायला टेकली होती तेव्हा याच जीपमधून डॉक्टरकडे गेली होती ती. काका तिच्या पाठीवर थोपटत म्हणायचे, "बघ, ओळखते अजून."

मग तो उन्हाळा आला. तेव्हा काळ्या जमिनीला हात हात भेगा पडल्या होत्या आणि वीटभट्टीकडचा रस्ता घोट्याएवढ्या फुफाट्यात बुडाला होता. पुढची गाडी धुरळा उडवत गेली की मागच्याला काही दिसायचं नाही. तिथं भर दुपारी जीपनं धारवाल्याला उडवलं.

धारवाला म्हणजे सायकलवर चाक घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. सायकल उभी करायची, पायानं पायडल मारायचं, चाक फिरलं की सुऱ्या, विळे, कात्र्यांना धार लावून द्यायची. माझ्या कातरीला अठरा वर्षं त्याच्याशिवाय दुसऱ्याचा हात लागलेला नाही. त्याचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. नेमका चाक फिरवायचा पाय. धाकटा जीप तिथंच टाकून पळाला. पळताना किल्ली कुठं पडली ते त्याला कळलं नाही. भट्टीवरच्या लोकांनी धारवाल्याला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोलीस काकांच्या अंगणात उभे राहिले. मी एक बाही जोडत होते, तशीच उठले.

"ही जीप तुमची?" एकानं नंबर वाचून दाखवला.

"होती. विकली मी," काका म्हणाले.

"पुस्तकावर तर तुमचं नाव आहे. विमाही तुमच्या नावावर होता, तोही संपलेला. विकल्याचा कागद दाखवा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात दोष द्यायचं नव्हतं. त्यांना खरंच वाटलं होतं की तो कागद माझ्याजवळ असेल. तरी ती नजर मी आजतागायत विसरलेले नाही.

"विकली म्हणता, मग किल्ली कशी तुमच्याकडं?" दुसऱ्या पोलिसानं विचारलं, आणि कुणी काही सांगायच्या आत सरळ गोठ्यात गेला. इकडं तिकडं बघितलं नाही. ओळीतल्या शेवटच्या खुंटीपाशी गेला आणि किल्ली काढून बाहेर आला.

काकांच्या गोठ्यात जीपची किल्ली असते हे त्याला सांगितलं कुणी? ती खुंटी माहीत असलेली आम्ही फक्त पाच माणसं होतो. पोलिसानं वहीतला जबाब वाचून दाखवला आणि माझा शोध तिथंच संपला. धाकटा सकाळी आपणहून चौकीत जाऊन लिहून देऊन आला होता. जीप काकांची आहे, मला फक्त चालवायला दिली होती. ब्रेक लागत नाहीत म्हणून मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, त्यांनी मनावर घेतलं नाही. खोटं वाटत असेल तर दुसरी किल्ली त्यांच्या गोठ्यात दाव्यांच्या ओळीत टांगलेली आहे ती बघा. गाडी विकून कुणी किल्ली ठेवून घेतं का?

काका ओट्याच्या पायरीवर बसले. "ब्रेकचं तो कधी बोलला नाही मला," एवढंच म्हणाले. पुन्हा थोड्या वेळानं म्हणाले, "कधीच नाही बोलला." काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि तांब्या हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

मी मशीन झाकलं आणि चालत भावाच्या गावाला गेले. तासाभराची वाट आहे. डोक्यावर ऊन, आणि मनात एकच, की पोलिसांनीच मारून मुटकून लिहून घेतलं असेल. तो अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली बाजेवर बसला होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"लिहून दिलंस ते खरं?" मी विचारलं.

"बस आधी. ऊन किती आहे, पाणी पी."

"खरं की खोटं?"

"ताई, नीट ऐक. माझ्याकडं काय आहे? हे घर आणि दोन पोरं. भरपाई माझ्या गळ्यात पडली तर आम्ही रस्त्यावर येऊ. काकांकडं सहा गाई आहेत, जमीन आहे. मागंपुढं कुणी नाही. त्यातल्या चार गेल्या तर मरणार आहेत का ते?"

"तू त्यांच्या पायांना हात लावला होतास."

"मग? अजूनही लावीन. माणूस चांगलाच आहे."

हे तो इतक्या सहज बोलला की मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं हे घाबरून केलं नव्हतं. सात महिने नाव बदललं नाही तो आळस होता की आधीपासूनच मनात काही होतं, हे मी त्याला विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी छाती नव्हती.

"मी साक्षीला जाणार," मी म्हटलं.

तो हसला. "तू? तूच तर कागद मागं ढकललास ताई. तिथं काय सांगशील, की माझ्यामुळं सही राहिली?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू गप्प बसलीस तर कुणाचं काही बिघडत नाही. आणि गेलीस तर मला बहीण नव्हती असं समजेन."

परत येताना मी रडले नाही. रागानं डोळे कोरडेच राहिले. ज्याला वाढवलं त्यानंच केसानं गळा कापला, तोही माझा नव्हे, माझ्या भरवशावर बसलेल्या म्हाताऱ्याचा.

सुनावणी शहरातल्या कचेरीत होती. लांबलचक खोली, भिंतीकडेनं बाकं, कपाटावर दोरीनं बांधलेल्या फायली आणि त्यांच्यावर धुळीचा थर. पंखा फिरत होता पण वारा फक्त साहेबांच्या टेबलावरच्या कागदांना लागत होता. धारवाल्याला त्याच्या बायकोनं आणि मेव्हण्यानं उचलून आणून बाकावर बसवलं होतं, पाय प्लॅस्टरमध्ये सरळ पुढे. मला बघून त्यानं सवयीनं विचारलं, "कातर कशी चाललीय?"

काकांनी जे झालं ते सांगितलं. पोस्टमनदादांनी खिशातून चौघडी उलगडून टेबलावर ठेवली. घडीवर कागद काळा पडला होता, पण अक्षर स्वच्छ होतं. साहेबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"सगळं आहे. मिनिटंसुद्धा आहेत. घेणाऱ्याची सही का नाही?"

पोस्टमनदादा काही बोलले नाहीत. ते बोलू शकले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

मी उठले. "मी घेऊ दिली नाही साहेब."

"तुम्ही कोण?"

"त्याची बहीण. जीप विकली ती माझ्यासमोर. पैसे दिले ते माझ्यासमोर. काकांनी किल्ली ठेवून घेतली कारण त्यांच्या घरात दावं ठेवून घ्यायची रीत आहे. माझा भाऊ ते बघून हसला होता. त्यानं लिहून दिलंय ते सगळं खोटं आहे."

खोलीत कुणीतरी खोकलं. धाकटा समोरच्या बाकावर होता, मी दिलेला सदरा घालून. तो खिडकीकडे बघत बसला.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, तुम्ही खरं बोलताय असं मलाही वाटतं. सख्ख्या भावाविरुद्ध उगाच कुणी उभं राहत नाही. पण मला पुस्तक बघावं लागतं, आणि पुस्तकावर नाव आहे आजोबांचं. त्यांनी कार्यालयाला कळवलं नाही, विमा कंपनीला कळवलं नाही, फॉर्म सही करून दुसऱ्याच्या हातात दिले. आणि किल्ली घरात." ते काकांकडे वळले. "आजोबा, किल्ली कशाला ठेवलीत हो?"

सगळ्या गावाला ठाऊक असलेली दाव्यांची रीत त्या खोलीत सांगायला काकांकडे शब्द नव्हते. "आठवण म्हणून," असं ते पुटपुटले, आणि मागच्या बाकावर दोघंतिघं हसले.

धारवाल्याच्या उपचाराचा आणि पुढच्या पोटापाण्याचा भार काकांवर पडला. धाकट्याला बेपर्वाईनं गाडी चालवल्याचा दंड झाला आणि तो सुटला. काका उठून धारवाल्यापाशी गेले. "तुझं नुकसान झालंय ते खरंच आहे," ते म्हणाले. "मी देईन. कुणाकडून का होईना, तुला मिळायलाच हवं." धारवाल्याची बायको मान खाली घालून होती.

निघताना कारकुनानं काकांना हाक मारली. "आजोबा, जीप चौकीच्या आवारात पडलीय. तुमची गाडी आहे, सोडवून घेऊन जा. ही तुमची किल्ली."

हे धाकट्याच्या ध्यानात आलंच नव्हतं. दोन दिवसांनी तो काकांच्या अंगणात हजर झाला. पोस्टमनदादा तिथंच होते, मी भिंतीच्या अलीकडे होते.

"काका, झालं ते झालं," तो म्हणाला. "पण जीपचे पैसे मी मोजलेत. पुढचा भाग चेपलाय, तरी इंजिन चांगलं आहे. किल्ली द्या."

काका गाईला खरारा करत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "जीप माझी आहे असं तूच लिहून दिलंस ना?"

"ते चौकीपुरतं होतं."

"शपथेवर लिहिलंस बाळा. तुझं म्हणणं मी खोटं कसं पाडू?"

धाकटा माझ्याकडे वळला. "ताई, तू होतीस की. पैसे दिले ते तू बघितलंस. सांग त्यांना."

"मी कचेरीत सांगितलं होतं," मी म्हटलं. "तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत होतास."

पोस्टमनदादा खूश होऊन मांडीवर थाप मारून हसले. धाकटा गेला तो मागं न बघता गेला. त्यानंतर आमच्या दारात आला नाही, आणि माझ्या तोंडून त्याचं नाव निघत नाही. पण दुसऱ्याच्या फसवणुकीतून परत आलेली ती जीप काकांना आनंद देऊन गेली असं मात्र नाही. चार दिवस ते नीट जेवले नाहीत. विकलेली वस्तू त्यांच्या घराण्यात कुणी परत घेतली नव्हती. त्यांनी ती भंगारवाल्याला दिली. या वेळी पोस्टमनदादा स्वतः कार्यालयात गेले, पुस्तक रद्द करून आणलं, भंगारवाल्याच्या चार ठिकाणी सह्या घेतल्या. आलेला पैसा काकांनी घरात आणलाच नाही, तसाच धारवाल्याकडे पोचवला.

तो पुरला नाही. मग गाई निघाल्या. पहिली गेली, दुसरी गेली, आणि तिसरी तांबडी.

तांबडीला घ्यायला गिरणीवाला आला होता. गावातली पिठाची गिरणी त्याची. मागच्या काही वर्षांत त्यानं काकांकडून तीन गाई नेल्या होत्या आणि तिन्ही वेळा तोंडच्या शब्दावर. भला माणूस आहे, दळणाच्या मापात कधी पाप करणार नाही. येताना रीत ठाऊक असल्यानं नवी कोरी दोरी खांद्यावर टाकून आला होता. पोस्टमनदादांनी कागद तयारच ठेवला होता. गाईचा रंग, वय, शिंगावरची खूण, तारीख, वेळ.

गिरणीवाल्यानं कागद बघितला आणि त्याचा चेहरा बदलला. "हे काय काका? तुमच्या दारात कधी कागद नव्हता. मी तुम्हाला आजवर कधी फसवलंय?"

काका जमिनीकडे बघत राहिले. बोलायचं मला भाग होतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. "करा सही."

त्यानं सही केली. रागानं नाही केली, दुखावून केली, ते मला जास्त लागलं. एका खोटारड्याची शिक्षा या सरळ माणसाला भोगावी लागत होती आणि देणारी मीच होते. पोस्टमनदादा म्हणाले दुसरा साक्षीदार हवा. मी दोन पावलं मागे सरले, तर काका म्हणाले, "पोरीची घ्या. तिच्या शब्दाला आता किंमत आहे." मी सही केली. लिहिताना माझं नाव रेघ सोडून वर चढलं.

मग गिरणीवाला तांबडीचं दावं सोडायला वाकला, आपली दोरी लावायला.

"राहू दे," काका म्हणाले. "आहे त्याच दाव्यानं ने."

"अहो, पण तुमच्या घरात ठेवतात ना?"

"ठेवत होतो." त्यांनी दाव्याचं टोक गिरणीवाल्याच्या हातात दिलं आणि त्याची मूठ मिटवली. "उद्या हिनं कुणाला शिंग मारलं, तर दावं माझ्या भिंतीवर सापडायला नको."

गिरणीवाला गाय घेऊन निघाला. तांबडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, मागं वळून बघितलं, आणि गेली. काका गोठ्यात गेले. भिंतीवरची जुनी दावी एकेक करून उतरवून त्यांनी पोत्यात भरली आणि ते पोतं माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. कापडाचे गठ्ठे बांधायला उपयोगी पडतील, म्हणाले.